मागची गाडी

“कोण गेलं?”

रस्त्यानं चाललेल्या एका सायकलवाल्यानं पाय टेकून विचारलं, आणि तिरडीची गाठ आवळत बसलेल्या काशीराम नागवेकरला नाव आठवेना. हातातला काथ्या ओला होता, बांबू हिरवा होता, गुडघ्याखालचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. लाकडं पुढं गेली होती. मडकं आलं होतं. कोपऱ्यात गोवरी धुमसत होती आणि आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. हे सगळं त्याला दिसत होतं. यातलं निम्मंअधिक त्यानंच जमवलं होतं. पण आत आंघोळ घालून ठेवलेलं माणूस बाई की बाप्या, हेसुद्धा त्याच्या डोक्यात येईना. सायकलवाला उभाच होता. “घरातलंच माणूस,” काशीराम म्हणाला. सायकलवाल्यानं हात जोडले आणि तो निघून गेला. पुढची गाठ मारताना नाव आलं. गंगुबाई. त्याच्याच आळीतली गंगुबाई, जी त्याच्या लहानपणी फणसाच्या आठळ्या चुलीत भाजून त्याच्या चड्डीच्या खिशात घालायची, मांडीला चटका बसेल इतक्या गरम. नाव आलं, आठळ्या आल्या, चटकाही आला. पण रडू आलं नाही. गाठ मात्र नेहमीसारखी घट्ट बसली.

रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात त्याला काशीनाना म्हणत. जिल्हा परिषदेत तो कारकून होता, पण ती नुसती नोकरी. त्याचं काम वेगळंच होतं. मांडवीपासून मिऱ्यापर्यंत कुणाच्याही घरात माणूस गेलं की पहिला निरोप त्याला. लाकडांच्या वखारीत त्याचा शब्द चाले, भटजी त्याला नाही म्हणत नसे, आणि अकाली गेलेल्या पोराच्या बापाला कसं उठवायचं, कुठल्या क्षणी घराबाहेर काढायचं, हे त्याला बरोबर कळे. मरणाचंच कशाला, लग्नाचा मांडव, शिमग्यातल्या पालखीचा मार्ग, भजनी मंडळाची मृदंगाची शाई, सार्वजनिक गणपती, दवाखान्यात पडलेल्या माणसासाठी रक्त देणारा शोधणं, सासरहून परत आलेल्या मुलीला पुन्हा नेऊन घालणं, हे सगळं त्याच्याकडे होतं. कुणी नेमलं नव्हतं. बाप गेला त्या वर्षी शेजारच्यांनी त्याच्यासाठी धावपळ केली, मग तो दुसऱ्यांसाठी धावला, आणि धावता धावता पन्नाशी आली. घरी तो जेवायला आणि निजायला येई. बायको तुळसा त्याचं ताट झाकून ठेवी. मुलगा रघू मुंबईला नोकरीला लागला, मुलगी राही लग्न होऊन दापोलीला गेली. दोघांचंही व्यवस्थित पार पडलं होतं, आणि पार पडणं यापलीकडे त्यातलं काशीरामला फारसं आठवत नव्हतं.

त्या दिवशी स्मशानातून परत आल्यावर तुळसानं न्हाणीत कढत पाणी काढून ठेवलं होतं. तो अंगावर पाणी घेत राहिला. हातांना हिरव्या बांबूचा वास होता. साबण लावला, राख लावली, तरी जाईना. त्याला वाटलं, हा वास आजचा नाही. कधीपासूनचाच आहे, आपल्याला आज आला इतकंच. त्यानं या वर्षात पोचवलेली माणसं आठवून पाहिली. खारवीवाड्यातला तो होडीवरचा तांडेल, पोस्टातला क्लार्क, कुणाचीतरी बाळंतीण. चेहरे येईनात. खांद्यावरचं वजन तेवढं आठवे, आणि ते सगळ्यांचं सारखंच. मग एकदम मनात आलं की एखाद्या दिवशी असाच गाठ आवळत बसलो असेन, कुणी विचारेल कोण गेलं, आणि मला आठवणार नाही, आणि घर माझंच असेल. अंगावर कढत पाणी ओतत असताना त्याच्या पाठीवर काटा आला. “पाणी निवलं काय वो?” तुळसानं बाहेरून विचारलं. तो नाही म्हणाला.

पहिल्यांदा त्यानं भजनाला जायचं सोडलं. घसा बरा नाही म्हणाला. मग शिमग्याच्या बैठकीला गेला नाही. मंडळाचा विठू, चांगला चलाख जवान गडी, घरी येऊन म्हणाला, “नाना, तुमच्याशिवाय मानपानाचं कोण बघणार?” काशीराम म्हणाला, “तू बघ.” विठूचा चेहरा पडला, पण पडता पडता त्यात एक उजेडही येऊन गेला तो काशीरामला दिसला. शिमगा पार पडला. पालखी नाचली, वाद झाले, मिटले. मुरुगवाड्यातल्या एका म्हाताऱ्याला पोचवायलाही तो नुसता चार लोकांसारखा मागं चालत गेला, आणि परत आला. लोकांनी पहिल्यांदा प्रकृती विचारली, मग विचारणं सोडलं. रामआळीत समोरून येणारी माणसं आता थांबत नसत. आपल्यावाचून अडेल अशी आपली समजूत होती हे त्याला तेव्हा कळलं, आणि अडलं नाही याचं बारीकसं दुःख झालं. पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, भरती येण्याआधी खाडीचं पाणी थांबतं तसं. हात मोकळे झाले होते, आणि मोकळे हात कशाचीतरी वाट बघत होते. कशाची, ते त्याला कळत नव्हतं.

कचेरी सुटली की तो सरळ घरी येऊ लागला. पडवीत बसे. इतकी वर्षं या घरात राहून समुद्राचा आवाज इतका स्पष्ट येतो हे त्याला ठाऊक नव्हतं. नारळाच्या झावळ्या एकमेकींवर घासत, मागल्या दारी रहाट कुरकुरे, तुळसा पाणी काढी. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. मग हळूहळू तो आवाज ऐकू लागला, नुसताच. रहाट मधेच थांबायचा. घागर अर्ध्यावर लटकत असणार, आणि तुळसा दोर धरून उभी असणार. मग पुन्हा कुरकुर. एकदा तो उठून मागं गेला तर ती विहिरीच्या कठड्याला टेकली होती. त्याला बघताच तिनं दोर ओढायला घेतला. “काय झालं?” “कुठं काय. तुमी कशाला आलात?” तिच्या आवाजात चोरी पकडल्याचा भाव होता. तो पडवीत परतला. तेव्हापासून ती घरात कुठं आहे हे त्याचे कान धरून ठेवू लागले. स्वयंपाकघर ते माजघर, माजघर ते न्हाणी. पावलं हलकी पडत. तुळसा अंगानं भरलेली बाई. तिची पावलं अशी हलकी कधी झाली? तो तिच्याकडे बघे, आणि ती पदर गळ्याशी ओढून घेई. “असं बघत काय बसता?” एकदा ती म्हणाली. “गणपतीपुळ्याला तरी जाऊन या. घरात पुरुष माणूस असं बसलं की कामं सुचत नाय.”

एका रविवारी दुपारी ती माजघरात चटईवर डोळा लागून पडली होती. ऊन कौलांतून गळत होतं. काशीराम पाणी प्यायला आत आला आणि उंबऱ्याशी थांबला. तिचे पाय लुगड्याबाहेर आले होते, घोटे पोरीच्या घोट्यांसारखे बारीक झाले होते. तो बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या नजरेनं तिच्या डोक्यापासून टाचेपर्यंत एक माप घेतलं. किती बांबू लागेल, किती काथ्या, किती खांदे. विचार त्यानं केला नव्हता. डोळ्यांनी आपणहून ते काम केलं, इतकी वर्षं करत आले तसं. खांदे कमीच पुरतील, असंही मनाच्या एका कोपऱ्यात नोंदलं गेलं. पाणी न पिताच तो बाहेर आला, चपला न घालता वाळूत चालत गेला, आणि लाटांच्या ओल्या काठाशी उभा राहून स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. समुद्र दुपारच्या उन्हात काळसर दिसत होता. माणूस नव्हतं. त्याला ओरडून कुणालातरी बोलवावंसं वाटलं, आणि आठवलं, अशा वेळी लोक ज्याला बोलावतात तो आपणच.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा म्हणाला, “तूही बस.” ती म्हणाली, “माझं मागनं.” “आज बस.” तिनं त्याच्याकडे बघितलं. मग चुलीपाशी गेली, आणि एका वाडग्यात पेज घेऊन आली. नुसती पातळ पेज, वरचं पाणीच. तिनं घोट घेतला. तो उतरेपर्यंत तिनं डोळे मिटले, मान किंचित वर केली, एका हातानं जमीन धरली. मग दुसरा घोट. काशीरामच्या ताटात बांगड्याचं तिखलं होतं, भात होता. हात ताटातच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती मागून जेवते एवढंच त्याला माहीत होतं. ती काय जेवते हे त्यानं कधी बघितलं नव्हतं.

“कधीपासनं?”

“गणपतीच्या आधीपासनं. भाकरी अडकायची. मग भातही.” ती वाडग्यात बघत होती. “सोनूबायला ठाव हाय.”

सोनूबाई शेजारीण. “सोनूबाईला सांगितलंस? आणि मला?”

तिनं वाडग्याची कड बोटानं पुसली. बोलली तेव्हा आवाज अगदी सरळ होता, त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला तो सहन झाला नाही. “तुमाला सांगितलं असतं तर तुमी धावला असतात. गाडी आणली असती, डागदर आणला असता, अख्खी आळी दारात आणली असती. माझं काम केलं असतंत तुमी. मला तुमचं काम व्हायचं नव्हतं.”

तो उठला. हात धुतले. काहीतरी करायला हवं म्हणून कंदिलाची काच पुसू लागला. वीज होती, कंदिलाची गरजही नव्हती. ती जे म्हणाली ते त्यानं अगदी तसंच केलं असतं. आताही, ती बोलत असतानाच, त्याच्या डोक्यात नावं येऊ लागली होती, कोल्हापूरच्या गाडीवरचा ओळखीचा कंडक्टर, दवाखान्यातला कंपाउंडर. ती नावं मुंग्यांसारखी येत होती. त्यांच्याआड तुळसा दिसेनाशी होत होती. त्यानं काच खाली ठेवली आणि परत येऊन तिच्यासमोर बसला. नुसता बसला. हे त्याला फार अवघड गेलं. ती पेज पीत राहिली, आणि घोट उतरेपर्यंत तो दुसरीकडे बघायला शिकला.

गावातल्या डॉक्टरनं घशात बघितलं, गळ्याच्या बाजू दाबल्या, मग तिला बाहेर बसायला सांगून काशीरामला म्हणाला, “मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. उशीर करू नका.” बाकी काही बोलला नाही. काशीरामनं कितीतरी लोकांना अशा खोल्यांमधून बाहेर आणलं होतं, पाठीवर हात ठेवून. डॉक्टर असं थोडकं कधी बोलतात ते त्याला पाठ होतं. बाहेर बाकावर तुळसा पदराशी चाळा करत होती. “काय म्हणाला?” “मिरजेला जायला सांगितलंय.” तिनं मान हलवली. रस्त्यात ती म्हणाली, “आपण दोघंच जायाचं. कुणाला सांगायचं नाय. पोरांनापण परत आल्यावर. लोक बघतात म्हणून तुमी मला नेताय असं मला नको.” त्यानं शब्द दिला. गावभर शब्द दिलेला माणूस तो. पण हा देताना जीभ जड झाली.

निघायच्या सकाळी तो पिशवीचं तोंड बांधत होता तेव्हा भागोजी आला. भागोजी त्याचा बाळपणचा सोबती. दोघं एकाच होडीवरून समुद्रात उड्या मारत, एकाच वर्षी शाळेत नापास झाले. काशीरामचा बाप गेला त्या रात्री त्याच्याजवळ बसून राहिलेला, दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडात बळंच घास घालणारा, तो भागोजी. आता तो अनवाणी होता, धोतराचा सोगा हातात होता.

“काश्या, म्हातारा गेला.”

दादूकाका, भागोजीचे वडील. काशीराम पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला. यावेळी नाव शोधावं लागलं नाही. दादूकाकांचा तंबाखूचा वास, जाळं विणताना पायाच्या अंगठ्यात धरलेली दोरी, हाक मारायची पद्धत, सगळं एकदम अंगावर आलं आणि डोळे भरून आले. भागोजीनं ते बघितलं आणि त्याला धीर वाटला. “चल,” तो म्हणाला. “मला काय समजत नाय. तू आलास की होईल.”

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. तुळसा दाराआड उभी होती. काशीराम म्हणाला, “भागोजी, मला यायला जमायचं नाय.”

भागोजीला ऐकू आलं नसावं. “लाकडं सांगायला विठूला धाडलंय. तू—”

“मला जायचंय. आत्ताच. गाडी हाय.”

तेव्हा भागोजीनं पिशवी बघितली. पिशवीवर घडी करून ठेवलेली शाल बघितली. “कुठं?”

काशीरामनं पिशवीची गाठ पुन्हा आवळली. एका शब्दानं सगळं सुटलं असतं. मिरज म्हटलं असतं तरी भागोजीला कळलं असतं. मिरजेला माणसं कशाला जातात हे रत्नागिरीत कुणाला सांगावं लागत नाही. तो शब्द ओठांशी आला. दारामागं काही हललं नाही. त्यानं तो गिळला.

“म्हाताऱ्यापेक्षा मोठं काय काम निघालं तुझं?” भागोजी हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. “तुला पोरगा मानत होता तो.”

“मला ठाव हाय.”

“लोक म्हणत होते, काश्या बदलला. मी भांडलो लोकांशी.” भागोजी पायऱ्या उतरला. अंगणात थांबून वळला. “काश्या, वेळ सगळ्यांच्या घरावर येते. तुझ्या दारात वेळ येईल तेव्हा—” पुढचं त्यानं म्हटलं नाही. त्याच्या तोंडावर स्वतःच्याच बोलण्याची भीती उमटली, आणि तो झपझप निघून गेला. ते अर्धं वाक्य अंगणात राहिलं. तुळसा बाहेर आली, तिनं पायात वहाणा सरकवल्या. “जा तुमी,” ती म्हणाली. “उद्या जाऊ आपण.” तिचा चेहरा अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाला सवयीची धार होती, असे किती उद्या तिनं घालवले असतील. काशीरामनं पिशवी उचलली.

रिक्षाला भागोजीच्या घरावरूनच जावं लागलं. अंगणात माणसं जमली होती. विठू खाली बसून बांबू बांधत होता, आणि तो चुकीचा बांधत होता. आडव्या कामट्या फार लांब लांब टाकल्या होत्या, उचलल्यावर मधे झोळ पडणार. काशीरामचे हात मांडीवर वळवळले. माणसांनी मान वर करून रिक्षाकडे बघितलं. कुणीतरी त्याला ओळखलं, शेजारच्याला सांगितलं, आणि एकेक चेहरा वळत गेला. भागोजीनं मात्र बघितलं नाही. दादूकाका आत होते. “जरा थांबव” एवढं म्हणायचा अवकाश होता. तुळसा त्याच्याकडे बघत होती, हे न बघताही त्याला कळत होतं. रिक्षा वळली. समुद्र मागं पडला. काशीराम रडत होता, आणि रडणं दादूकाकांसाठी आहे, भागोजीसाठी आहे की शेजारी बसलेल्या बाईसाठी, हे त्याला निवडता येईना. तुळसानं पदराचं टोक त्याच्या हातात दिलं.

कोल्हापूरच्या गाडीत खिडकीजवळ तिला बसवलं. हातखंब्यापर्यंत ती बाहेर बघत होती. कातळ, मधेच काजूची झाडं, वाळलेलं पिवळं गवत. काशीरामच्या कानात भागोजीचं वाक्य फिरत होतं, आणि प्रत्येक वळणावर ते पुरं व्हायला बघे. तो शिव्याशाप मानणारा नव्हता. पण गाडी चढणीला लागून कण्हू लागली की त्याला वाटे, हे सगळं उलटं चाललंय, आपण हिला कुठंतरी पोचवायला नेतोय. मिरजेच्या त्या दवाखान्यात लांब व्हरांडे असतील, डेटॉलचा वास असेल, आणि कुणीतरी कमी बोलणारा डॉक्टर असेल. तिकडून परत येणाऱ्या गाड्या त्यानं बघितल्या होत्या. काही माणसं बसून येत.

पाली आली. गाडी थांबली तशी तुळसा म्हणाली, “खाली उतरूया जरा.” तिला मळमळत असेल म्हणून त्यानं हात देऊन उतरवलं. पण ती सरळ टपरीसमोरच्या बाकावर जाऊन बसली आणि इकडंतिकडं बघू लागली. तिचं माहेर इथून वरच्या अंगाला, डोंगराकडे. आता तिथं कुणी नव्हतं. त्यानं चहा आणला. तिनं बशीत ओतून, फुंकून, घोट घेतला, आणि काशीराम रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीकडे बघत राहिला. कंडक्टरनं घंटी मारली. “चला, कोल्हापूरवाले.” तुळसा हलली नाही.

“मी आठेक वर्षांची होते,” ती म्हणाली. “आयेबरोबर काजूच्या बिया घेऊन बाजाराला आले होते. एष्टी नवीनच लागलेली. इथंच उभी होती. मला कुणीतरी सांगितलं, ही गाडी दर्याला जाते.”

गाडीचं इंजिन धडधडू लागलं. काशीराम उठला. वर चढून त्यानं फळीवरची पिशवी आणि शाल काढून घेतली. “येत नाय काय?” कंडक्टर म्हणाला. “मागच्या गाडीनं येऊ,” काशीराम म्हणाला. गाडी गेली. धुरळा उडाला आणि बसला. दवाखान्यात आज नंबर लागणार नाही, हे त्याला कळत होतं. मागची गाडी आली की तीत बसावंच लागेल, आणि तिच्या पुढं जे आहे ते कुठल्याही गाडीनं गेलं तरी तिथंच असेल, हेही कळत होतं. तो परत येऊन तिच्याजवळ बसला, चारचौघांत बसतो त्यापेक्षा जवळ. शाल तिच्या खांद्यावर टाकली. शालीखाली खांदा एवढासा होता.

“मी आयेला न सांगता चढले. मागं जाऊन बसले, पाय वर घेऊन. मला दर्या बघायचा होता.” तिला हसू आलं, आणि हसता हसता घसा अडला. तिनं मान वर केली, डोळे मिटले. आवंढा उतरायला वेळ लागला. वळणावर एका मोठ्या गाडीचा हॉर्न वाजला. काशीरामनं तिकडं बघितलं नाही. तिचे डोळे उघडेपर्यंत तो थांबला.

“मग?” त्यानं विचारलं.